तुम्ही विचारलंत म्हणून: विंडोजचं सॉफ्टवेअर लिनक्सवर चालेल का?

विंडोज १०चे नेहमीचे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ला थांबले, तेव्हापासून हा प्रश्न जास्तच येतो: लिनक्सवर जायचं मनात आहे, पण विंडोजची सगळी सॉफ्टवेअर तिथे चालतील असा दिवस येणार का? बऱ्याच सॉफ्टवेअरसाठी तो येऊन गेलाय. काहींसाठी येणारच नाही. आपलं सॉफ्टवेअर यातलं कुठलं, हे मात्र आधीच बऱ्यापैकी ओळखता येतं.

दोन्हीकडे प्रोसेसर एकाच जातीचा असेल तर प्रोग्रामच्या सूचना त्याला कळतातच; बेरीज-वजाबाकीला विंडोज लागत नाही. अडतं ते प्रोग्राम सिस्टीमकडे काही मागतो तेव्हा. फाइल उघड, विंडो काढ, आवाज वाजव. १९९३ साली सुरू झालेलं वाइन हे सॉफ्टवेअर लिनक्सवर या मागण्यांना विंडोजच्या वतीने उत्तर देतं. आत कुठला खोटा संगणक नसतो, त्यामुळे ‘हळू चालेल’ ही भीती बहुतेक वेळा फुकटची. पण मागण्या हजारोंनी आहेत, आणि कागदावर कुठेच न नोंदलेल्या खोडींसकट प्रत्येकीचं वागणं वठवावं लागतं. आवृत्ती १.० यायला २००८ उजाडलं ते उगीच नाही. गेमचं चित्र २०१८मध्ये पालटलं, व्हॉल्व या गेम कंपनीच्या प्रोटॉनमुळे. प्रोटॉन म्हणजे वाइनच, जोडीला डायरेक्टथ्रीडीच्या, म्हणजे विंडोजच्या चित्र काढण्याच्या, आज्ञा लिनक्सवरही चालणाऱ्या व्हल्कनमध्ये बदलणारं डीएक्सव्हीके.

हद्द लागते ती कर्नलपाशी, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्यापाशी. विंडोजचा ड्रायव्हर, म्हणजे कर्नलमध्ये शिरून चालणारा तुकडा, वाइनला लिनक्सच्या कर्नलमध्ये बसवता येत नाही. म्हणून साधी कसोटी अशी: सॉफ्टवेअर बसवताना ते स्वतःचा ड्रायव्हर टाकतं का? परवाना तपासायला जोडायचे यूएसबी डोंगल, जुने स्कॅनर, गेममधली लबाडी पकडायला कर्नलपर्यंत उतरणारे अँटी-चीट, ही सगळी त्या पंगतीतली. डोंगल आणि स्कॅनरसाठी व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे संगणकातल्या खोट्या संगणकात, विंडोज ठेवून यूएसबी आत जोडून देता येतो. अँटी-चीट बरेचदा व्हर्च्युअल मशीनलाही दारातूनच परत पाठवतं. तिथे वेळ घालवू नका.

बाकीच्यांसाठी वाइन वापरताना बहुतेकांची एकच चूक होते: सगळे प्रोग्राम एकाच प्रीफिक्समध्ये. प्रीफिक्स म्हणजे एक फोल्डर, त्यात खोटी सी ड्राइव्ह आणि रजिस्ट्री, म्हणजे विंडोजची सेटिंगची वही. एका प्रोग्रामसाठी बदललेली डीएलएल (प्रोग्राम वाटून वापरतात ती लायब्ररी फाइल) दुसऱ्याला पाडते, आणि मग कशाने काय बिघडलं ते कळत नाही. प्रत्येकाला वेगळा प्रीफिक्स द्या. बिघडला तर फोल्डर उडवून नव्याने करा. वाइन सुडोने, म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने, कधीही चालवू नका, फाइलींची मालकी रूट या प्रशासक खात्याकडे जाते आणि पुढच्या वेळी प्रोग्राम उघडतच नाही. मजकूर चौकटीबाहेर सांडत असेल तर दोष बहुधा फॉन्टचा. विनट्रिक्स या वाइनच्या मदतनीस साधनातून कोअरफॉन्ट्स हा फॉन्टचा संच टाकून बघा. चाचणी रिकाम्या फाइलवर घेऊ नका. तुमच्याकडची सर्वांत मोठी, सर्वांत किचकट फाइल उघडा, छापून बघा, सेव्ह करून पुन्हा उघडा.

गंमत म्हणजे खुद्द लिनक्ससाठी बनवलेले प्रोग्रामही दुसऱ्या वितरणावर, म्हणजे उबुंटूसारख्या लिनक्सच्या वेगळ्या तयार संचावर किंवा त्याच्या आवृत्तीवर, अडतात. दोष कर्नलचा नाही; चालता प्रोग्राम मोडायचा नाही हा तिथला कडक नियम आहे. अडतं जीलिबसीपाशी, म्हणजे बहुतेक प्रोग्राम वापरतात त्या मूळ लायब्ररीपाशी. उबुंटू २२.०४वर जीलिबसी २.३५ आहे, २०.०४वर २.३१. नव्यावर बांधलेला प्रोग्राम जुन्यावर ‘आवृत्ती सापडली नाही’ म्हणून थांबू शकतो. उलट दिशेने सहसा चालतो. तेव्हा सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी आपण आधार देतो त्यातल्या सर्वांत जुन्या वितरणाच्या कंटेनरमध्ये, म्हणजे बाकी सिस्टीमपासून वेगळ्या कप्प्यात, बांधणी करावी, नाहीतर प्रोग्राम फ्लॅटपॅक या पॅकेजमधून द्यावा. फ्लॅटपॅक आपल्या लायब्ररी बरोबर आणतं, पण त्याला घरातल्या सगळ्या खोल्यांची किल्ली नसते. दस्तऐवज उघडतो आणि शेजारच्या फोल्डरमधून जोडलेली चित्रं मात्र दिसत नाहीत, ही तक्रार त्यातूनच येते. फ्लॅटसील या परवानग्यांच्या अ‍ॅपमध्ये त्या फोल्डरची परवानगी दिली की काम होतं.

वाइनसारखी मागण्यांच्या भाषांतराची ही वाट सगळीकडे पुरत नाही, हे मायक्रोसॉफ्टनेही पाहिलंय. डब्ल्यूएसएल ही त्यांची विंडोजमध्ये लिनक्सचे प्रोग्राम चालवायची सोय. तिच्या २०१६च्या पहिल्या आवृत्तीत लिनक्सच्या मागण्या विंडोजकडून भागवल्या जात. दुसऱ्या आवृत्तीत सरळ खरा लिनक्स कर्नल व्हर्च्युअल मशीनमध्ये ठेवला. लिनक्सचा तर सगळा कोड उघडा आहे, तरी ही गत. विंडोजचं कर्नलसकट सगळंच नव्याने लिहायला निघालेलं रिअ‍ॅक्टओएस अजून अल्फातच आहे, त्यावर रोजचं काम बेतू नका.

वाइनचा वेग मात्र वाढतोय. लिनक्स ६.१४ कर्नलमध्ये एनटीसिंक आलं, त्यामुळे विंडोजच्या प्रोग्रामचे थ्रेड, म्हणजे एकाच वेळी चालणारे धागे, एकमेकांची वाट पाहतात तो हिशेब कर्नलच सांभाळतो. पुढचा पेच प्रोसेसरचा. एआरएम या वेगळ्या जातीच्या प्रोसेसरवर ‘सूचना कळतातच’ हे गृहीतच कोसळतं, तिथे फेक्स किंवा बॉक्स६४सारखं सूचनांचं भाषांतर करणारं साधन लागतं. वाइन स्वतः एआरएमसाठी बांधलेलं असेल तर प्रोग्रामचा स्वतःचा कोड तेवढा भाषांतरित करावा लागतो. सतत सिस्टीमकडेच काही ना काही मागणाऱ्या प्रोग्रामला ते फारसं जड जात नाही. तासन्‌तास आकडेमोड करणाऱ्याला जातं.