डावी करंगळी

ऑगस्ट २०२४ मधला तिसरा शनिवार, त्यामुळे बँक चालू होती. सोमवारी नारळी पौर्णिमा, म्हणजे आमच्या सोलापूरच्या पूर्व भागात मार्कंडेय महामुनींचा रथोत्सव, आणि त्यातच राखी. लाडक्या बहिणीचे पैसे चौदा तारखेपासून जमा होऊ लागले होते, जुलै-ऑगस्टचे मिळून ३,००० रुपये. शटर उघडायच्या आधीच रांग रस्त्यापर्यंत गेली होती. नव्वद टक्के बायका, आणि त्यांतल्या बऱ्याच जणी विड्या वळणाऱ्या. जवळ आल्या की साडीला तंबाखूचा उग्र वास येतो. मी इथं सहा वर्षं काउंटरवर आहे, त्या वासाची मला सवय आहे.

साडेअकराच्या सुमारास एक अम्मा पुढं आल्या. वय अठ्ठावन्न, नवरा पूर्वी यंत्रमागावर कामाला, आता छातीच्या दुखण्यानं घरी. पासबुक छापलं तर शिल्लक ११२ रुपये.

"मॅडम, शेजारणीचे आले की ओ. माझेच नाही. फॉर्मवर हेच पासबुक लावलं होतं."

तसं सांगणारी त्या दिवसातली ती बहुधा तिसावी असेल. मी आमच्या सिस्टिममधून चौकशी टाकली. आधार दुसऱ्याच एका बँकेला जोडलेलं निघालं. अम्मांनी त्या बँकेचं नावही ऐकलेलं नव्हतं.

इथली मेख बहुतेकांना माहीत नसते. सरकार हे पैसे फॉर्मवरच्या खाते क्रमांकावर पाठवत नाही, आधारवर पाठवतं. कोणत्या आधारला कोणती बँक जोडली आहे याची एक देशव्यापी नोंद राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाकडं असते, आणि ज्या बँकेनं सगळ्यांत शेवटी जोडणी केली तिच्याकडं पैसा जातो. तुमचं खातं कितीही जुनं असो, पासबुक कितीही जपलेलं असो. ही जोडणी ग्राहकाच्या संमतीनंच करायची असते. आता ती संमती कशी घेतली जाते, ते अम्मांच्याच तोंडून कळलं.

"कुणी गटाचं कर्ज दिलं होतं का?" मी विचारलं.

थोडा वेळ त्या गप्प राहिल्या. मग आठवलं. तीन वर्षांपूर्वी गल्लीतल्या दहा जणींनी मिळून कर्ज घेतलं होतं. मुलाच्या आजारपणासाठी यांनी तीस हजार उचलले. वसुलीचा माणूस दर आठवड्याला दारात यायचा, हप्ता रोख द्यायच्या. कर्ज मागल्या वर्षी फिटलं. पण पहिल्या दिवशी त्यानं मशीनवर अंगठा घेतला होता. "उमटंना म्हणून चार-पाच वेळा घेतला. कशाला ते नाही सांगितलं. कर्जाला लागतो म्हटला."

त्या अंगठ्यांवर बचत खातं उघडलं गेलं, आणि आधारही तिकडं गेलं.

रांग थांबलेली, मागून आवाज येत होते. तरी मी उठले. आमच्या दारातच बँक मित्राचं टेबल आहे. आधारवर चालणाऱ्या त्याच्या मशीनवर कोणत्याही बँकेतले पैसे काढता येतात, यादीतून बँक निवडायची आणि बोट ठेवायचं. मी त्याला त्या बँकेचं नाव सांगितलं.

उजवा अंगठा: जुळला नाही. तर्जनी: नाही. पोरानं काच पुसली, अम्मांनी बोट केसांवरून फिरवून पुन्हा ठेवलं. नाही. मी त्यांचा हात हातात घेतला. अंगठ्याच्या आणि पहिल्या दोन बोटांच्या पेरांवर रेषाच नव्हत्या, कातडी गुळगुळीत, चकाकणारी, कडेला तंबाखूचा पिवळट डाग. सगळं काम त्याच बोटांचं. पान भिजवायचं, पत्र्याचं माप ठेवून कात्रीनं कापायचं, जर्दा भरून वळायचं, दोरा गुंडाळायचा, मग नखानं तोंड मुडपायचं. दिवसाला सहाशे-सातशे विड्या, चाळीस वर्षं. ज्या बोटांनी घर चाललं तीच मशीनला ओळखू येत नव्हती.

"अम्मा, वळताना कुठलं बोट लागत नाही?"

त्यांनी हवेतच एक विडी वळून दाखवली. डावी करंगळी बाजूला, सरळ राहिली.

करंगळी ठेवली. हिरवा दिवा लागला.

शिल्लक २,६४६. तीन हजार जमा, ३५४ कपात. हिशेब मला लगेच कळला: किमान शिल्लक नाही म्हणून ३०० दंड, त्यावर अठरा टक्क्यांनी ५४ रुपये कर. मला खरोखर राग आला. अशा बाईचं खातं मूलभूत बचत खातं म्हणूनच उघडायला हवं होतं. रिझर्व्ह बँकेनं ती सोय २०१२ पासून सगळ्या बँकांना बंधनकारक केली आहे आणि तिथं किमान शिल्लक लागतच नाही. खातं आहे हे जिला माहीत नाही, तिनं त्यात शिल्लक ठेवायची तरी कशी?

त्याच महिन्यात जन धन योजनेला दहा वर्षं पूर्ण झाली. ५३ कोटींवर खाती, निम्म्याहून जास्त बायकांची. हे काम मी स्वतः केलंय, शिबिरं घेऊन, रविवारी बसून, आणि त्याचा मला अभिमान आहे. पण जागतिक बँकेच्या २०२१ च्या पाहणीत आपल्याकडं ७८ टक्के प्रौढांकडं खातं होतं आणि त्यातल्या जवळपास ३५ टक्के खात्यांत वर्षभरात एकही व्यवहार नव्हता. हे आकडे वाचले तेव्हा मला वाटलं होतं, लोकांकडं पैसाच नसेल. अम्मा पुढं उभ्या राहीपर्यंत हे डोक्यात आलं नव्हतं की पैसा आला तरी तो कुठं आला हे ठाऊक नसेल, आणि ठाऊक झालं तरी बोट चालणार नाही.

त्यांनी २,६०० काढले. मुलगी भिवंडीहून येणार होती, तिला साडी घ्यायची होती. मी आधार आमच्या शाखेकडं वळवायचा संमतीचा फॉर्म भरला, स्टॅम्पपॅड पुढं सरकवलं, त्यांनी अंगठा उठवला. दुपारच्या जेवणाच्या वेळेत त्या बँकेच्या नावानं ३५४ रुपयांचा तक्रारअर्जही लिहिला, त्यावरही तसाच अंगठा. पासबुकाच्या पहिल्या पानावर मी पेन्सिलीनं लिहिलं: डावी करंगळी. रांगेतल्या उरलेल्या बायका संपायला साडेपाच वाजले.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात अम्मा पुन्हा आल्या. सप्टेंबरचे दीड हजार आमच्याकडंच जमा झाले होते, ते त्यांनी करंगळीवर काढले. ३५४ चं मात्र काही नव्हतं. तीस दिवस उलटून गेले, तरी त्या बँकेचं उत्तर नाही. अशा वेळी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं जाता येतं. २०२१ पासून सगळ्यांसाठी एकच योजना आहे, पैसे पडत नाहीत, १४४४८ वर फोन करून माहिती मिळते आणि कागदी तक्रार चंदीगडच्या केंद्राला पोस्टानं पाठवता येते. मी अर्ज लिहिला, आधीच्या तक्रारीची पोच जोडली, आणि सवयीनं स्टॅम्पपॅड उघडलं.

"पेन द्या की," अम्मा म्हणाल्या.

त्यांनी तक्रारदाराच्या जागी सावकाश, गोल अक्षरांत तेलुगूत पूर्ण नाव लिहिलं. चौथीपर्यंत तेलुगू शाळेत गेल्या होत्या. मी आत जाऊन आमच्याच शाखेतला त्यांचा खातं उघडायचा फॉर्म काढून पाहिला. तिथंही अंगठाच होता, आणि खाली साक्षीदार म्हणून माझी सही.