बाटलीवरचा फुगा

भाचीला शाळेसाठी प्रयोग करायचा होता. बाटलीत कोमट पाणी, साखर, चिमूटभर यीस्ट आणि तोंडावर फुगा. दोन चमचे साखर पुरली असती, पण उत्साहाच्या भरात मी तब्बल 100 ग्रॅम ओतली. फुगा आधी आळस देत उठला, मग टच्च झाला आणि रात्रीतून कधीतरी उडून कपाटाखाली गेला. तिसऱ्या दिवशी बाटलीला आंबूस वास यायला लागला. ‘झाली दारू!’ मी म्हणालो. बहिणीने डोळे वटारले तशी घाईघाईने दुरुस्ती केली, ‘म्हणजे इथेनॉल. गाडीत घालतात ते.’

‘मग यावर गाडी किती चालेल, मामा?’

कागद घेतला. साखरेच्या वजनाच्या निम्म्याच्या आसपास इथेनॉल होतं, बाकीचा कार्बन डायऑक्साइड फुग्यात. सगळी साखर आंबली तर 100 ग्रॅमचं जेमतेम 65 मिलिलिटर. त्यात लिटरमागे ऊर्जा पेट्रोलच्या दोन तृतीयांश. पेट्रोलवर 15 किलोमीटर जाणारी गाडी यावर 10 जाईल. म्हणजे आमच्या बाटलीची मजल साडेसहाशे मीटर!

इतकी वर्षं मला एक हिशेब फार आवडायचा. गाडीच्या धुरातून आणि त्या फुग्यातून जो वायू बाहेर पडला, तो पिकाने हवेतूनच घेतलेला होता. घेतलं तेवढं परत केलं, खातं बरोबर. पण या खात्यात ट्रॅक्टरचं डिझेल कुणी मांडतच नाही. नायट्रोजनचं खत बहुतांशी नैसर्गिक वायूपासून बनतं, आणि शेतात टाकल्यावर त्यातलं थोडं नायट्रस ऑक्साइड होऊन हवेत जातं. किलोला किलो धरलं तर त्याची तापवण्याची ताकद कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 270 पट.

शिवाय यीस्ट बिचारं आपल्याच दारूत मरतं, साधारण 12 ते 15 टक्क्यांच्या आसपास. बाकी सगळं पाणीच. ते काढायला उकळा, वाफ थंड करा, पुन्हा उकळा. तरी 95 टक्क्यांच्या थोडं पुढे गेलं की ऊर्ध्वपातन हात टेकतं आणि शेवटचं पाणी चाळणीसारख्या खनिजाकडून शोषून घ्यावं लागतं. भट्टीखाली काय जळतं, हाच खरा प्रश्न. ऊस आपलं जळण पाठीवर घेऊन येतो, रस काढून उरलेला चोथा भट्टीत जातो. तेलाचे भाव भडकल्यावर ब्राझीलने 1975 मध्ये उसाच्या इथेनॉलचा कार्यक्रम हाती घेतला, त्याला हा चोथा मोठा आधार. अमेरिकेतल्या मक्याच्या कारखान्यांत मात्र बहुतेक ठिकाणी नैसर्गिक वायूच जळतो. पंपावर दोन्हीचं नाव एकच.

आणि जमीन? 40 लिटरची टाकी निव्वळ इथेनॉलने भरायला साधारण 100 किलो मका लागतो. एका माणसाच्या जवळजवळ सहा महिन्यांच्या उष्मांकाएवढा. (त्यातला तिसरा हिस्सा गुरांचं खाद्य होऊन परत मिळतो, हे मान्य.) त्यासाठी कुठे जंगल तोडलं, तर झाडांत नि मातीत साठलेला कार्बन आधी बाहेर पडतो आणि ते कर्ज फेडायला कित्येक दशकं जातात. बरं, पीक वर्षभरात उन्हातली जेमतेम एक टक्का ऊर्जा साठवतं. छपरावरचं सौर पॅनेल वीसेक टक्के घेतं. हा आकडा समजल्यापासून साध्या मोटारीसाठी पीक लावण्यावरचा माझा विश्वास उडालाय. विमानासाठी म्हणाल तर ऐकून घेईन, तिथे बॅटरीचं ओझं परवडत नाही.

काड, भुसा यांचं करा म्हणतात. कल्पना जुनी आहे, हेन्री फोर्डने 1925 मध्येच भुशाचं नाव घेतलं होतं. पण त्यातलं सेल्युलोज, म्हणजे वनस्पतीच्या धाग्यांचा मूळ पदार्थ, चिवट. आधी त्याची साखर करून भरवल्याशिवाय यीस्ट तोंड लावत नाही, आणि ते भरवणंच महाग पडतं.

भाचीला यातलं काही नको होतं. ती तिच्या गणितात होती. ‘शाळा चार किलोमीटर. जायला सहाशे ग्रॅमच्या वर साखर. यायला तेवढीच.’ मग उठून तिने साखरेच्या डब्यात डोकावून पाहिलं.

बहिणीने डबा वरच्या फळीवर ठेवला.