हलणारे पकडायला घेतलेला किनेक्ट आणि आमची पानं

शेवटच्या वर्षाला इंटरॅक्टिव्ह इन्स्टॉलेशन करायचं ठरलं तेव्हा आम्हा चौघांकडे आयडिया अशी नव्हतीच, होता फक्त एक जुना किनेक्ट, म्हणजे समोरचा माणूस किती लांब आहे आणि कसा हलतोय हे ओळखणारा गेमचा कॅमेरा. ग्रुपमधल्या एकाच्या दादाने गेम खेळायला घेतलेला, हौस फिटल्यावर तो माळ्यावर गेला. २०१० च्या नोव्हेंबरात आलेला पहिलाच प्रकार, एक्सबॉक्स ३६० या गेम खेळायच्या यंत्राचा. एक्सबॉक्ससाठी किनेक्ट बनवणं २०१७ मध्येच बंद झालं पण विद्यार्थी अजून तोच वापरतात कारण जुना मिळतो, आणि प्रोसेसिंगमध्ये, म्हणजे कोड लिहून चित्रं हलवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, त्याच्यासाठी तयार कोड (लायब्ररी) आहे. फक्त कंप्युटरला जोडायला त्याला वेगळा पॉवर ॲडॅप्टर लागतो हे आधी बघून घ्या, आमचा एक आख्खा आठवडा त्या वायरपायी गेला.

पहिली आयडिया अशी होती की पडद्यावर तुमची सावली दिसणार, वरून वाळलेली पानं पडणार आणि तुमच्या अंगाखांद्यावर अडकणार. आम्ही जाम खूश. मॅडमना सांगितलं तर त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "अगं, टेक्स्ट रेन बघितलंय का तुम्ही?" कमिल अटरबॅक आणि रोमी अकितुव यांचं १९९९ चं काम. पडद्यावर अक्षरं पावसासारखी पडतात आणि समोर उभ्या माणसाच्या अंगावर येऊन थांबतात. म्हणजे आम्ही जन्मायच्या आधीच झालेलं. दोन दिवस कोणी कोणाशी बोललं नाही.

मग त्यातूनच निघालं की आपण उलटं करूया. जो हलेल त्याची पानं उडून जातील, जो शांत उभा राहील त्याच्यावरच साचतील, साधारण पाऊण मिनिटात माणूस पूर्ण झाकला जाईल. हालचाल ओळखायला बनवलेल्या यंत्राने स्तब्धपणा ओळखायचा. ऐकायला भारी वाटतं ना, पुढचे दोन महिने आम्ही याच वाक्याचे भोग भोगले.

कोड लिहायच्या आधी मॅडमनी एक गोष्ट करायला लावली जी मी आता सगळ्यांना सांगत सुटते. नुसता पडदा लावायचा, पानांचं साधं ॲनिमेशन लावायचं आणि पडद्यामागे आमच्यातला एकजण लॅपटॉप घेऊन बसणार, समोरचा हलला की एक बटण, थांबला की दुसरं. समोरच्याला वाटणार सेन्सरच चालतोय. ज्युनिअर्सना एकेक करून आत सोडलं. वीसजण आले, त्यातले अठरा आल्या आल्या हात हलवायला लागले! समोर कॅमेरासारखं काही दिसलं की माणूस हात हलवतोच. पानं उडून गेली की त्यांना वाटायचं हेच करायचंय, मग अजून जोरात. एकाने तर उड्या मारल्या. आमची आख्खी कल्पना कोणाला कळतच नव्हती, आणि हे एक ओळही कोड न लिहिता कळलं म्हणून बरं.

"कृपया स्थिर उभे राहा" अशी पाटी लावायची नाही यावर मात्र सगळे ठाम होतो. जमिनीवर पावलांचे ठसे काढायचं ठरलं, बघू म्हटलं.

मग मोजमाप. हा भाग कंटाळवाणा वाटतो पण खरं प्लॅनिंग इथेच होतं. या किनेक्टला साधारण ०.८ ते ४ मीटरपर्यंतच नीट दिसतं, आडवा कोन ५७ अंश, उभा ४३. वहीत गणित केलं तर अडीच मीटरवर त्याला जेमतेम दोन मीटर उंची दिसते, म्हणजे मोठा माणूस डोक्यापासून पायापर्यंत हवा असेल तर त्याने साधारण अडीच मीटरच्या मागेच उभं राहायला हवं. अडीच ते चार, एवढाच आमचा रंगमंच! जमिनीवर मास्किंग टेपने आखला तर सुपासारखा आकार आला, सेन्सरकडे अरुंद आणि मागे रुंद. त्यात पुढून प्रोजेक्शन केलं तर माणसाची खरी सावली पडद्यावर पडते, म्हणून प्रोजेक्टर पडद्याच्या मागे हवा. आमच्या प्रोजेक्टरला दोन मीटर रुंद चित्रासाठी तीन मीटर अंतर लागत होतं, पुढे चार मागे तीन, सात मीटर, आणि मिळालेली खोली बरोब्बर सात मीटरची. प्रोजेक्टर भिंतीला पाठ टेकून बसला, त्याच्या मागून वायर काढायलाही बोट जाईना.

किनेक्टमधली माणसाचा सांगाडा ओळखायची सोय आम्ही सोडून दिली. त्यात एका माणसाचे २० सांधे मिळतात पण असे दोनच माणसांचे, आणि प्रदर्शनात लोक घोळक्याने येतात. त्यापेक्षा रिकाम्या खोलीचा डेप्थचा फोटो (कोणती गोष्ट किती लांब आहे हे दाखवणारा) आदल्या रात्री घेऊन ठेवायचा आणि त्याहून जवळ जे काही दिसेल ते माणूस समजायचं. सोप्पं. चेहरा वगैरे कुठेच साठवत नाही हेही परवानगीच्या अर्जात लिहिता आलं.

पण स्तब्ध म्हणजे काय हो? माझ्या मित्राला श्वास रोखून उभं केलं तरी स्क्रीनवर त्याच्या कडा मुंग्या आल्यासारख्या वळवळत होत्या. हा किनेक्ट डोळ्यांना न दिसणाऱ्या इन्फ्रारेड प्रकाशाचे ठिपके टाकतो आणि ते किती सरकले त्यावरून अंतर काढतो, आणि जसजसं लांब जावं तशी चूक वाढत जाते, चार मीटरवर तर काही सेंटिमीटर इकडेतिकडे. म्हणजे मागे उभा असलेला माणूस यंत्राच्या मते कायम थरथरतोय! शेवटी १५ फ्रेमची सरासरी घेतली, म्हणजे अर्धा सेकंद, आणि जेवढं अंतर जास्त तेवढी सूट जास्त दिली. ती सूट किती द्यायची यावर जेवढी भांडणं झाली तेवढी पोस्टरच्या रंगावरही झाली नाहीत. कमी दिली तर पानं टिकत नाहीत, जास्त दिली तर माणूस मान डोलावतोय तरी पानं ढिम्म.

सगळं टेस्टिंग आम्ही रात्री केलं होतं. प्रदर्शनाच्या तीन दिवस आधी पहिल्यांदा दुपारी चालू केलं आणि पडद्याच्या डाव्या बाजूला माणसं अर्धीच दिसायला लागली. खिडकीतून उन्हाचा पट्टा येत होता. उन्हात इन्फ्रारेड भरपूर, त्यात किनेक्टचे ठिपके बुडूनच जातात. बरं तो पट्टा उन्हाबरोबर सरकत होता, त्यामुळे तासाभराने उजवीकडची माणसं कापली जायची. खिडकीला आधी काळा कागद, मग त्यावर पुठ्ठा. त्याच दिवशी कळलं की दाट काळे केस इन्फ्रारेड नीट परत पाठवत नाहीत, आमच्यातल्या एकीचं पडद्यावर डोकंच येईना, पानं थेट खांद्यावर. तिने ते फारच मनाला लावून घेतलं. कोडमध्ये छोटी भोकं बुजवायचा उपाय केला, निम्मं डोकं परत आलं.

पहिला दिवस. पावलांच्या ठशांवर लोक उभे राहिले आणि हात हलवायला लागले. काय बोलणार. आम्ही कोपऱ्यात उभं राहून कुजबुजत होतो, "अरे थांब ना जरा, थांब." काही जण कंटाळून जाताना दारात वळून बघायला थांबायचे तेव्हा पानं पडायला लागायची, पण तोवर ते सुपाच्या बाहेर.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सगळ्यात आधी गेले. खोलीत कोणी नाही आणि पडद्यावर मधोमध पानांची एक खुर्ची! पाठ, बैठक, हात, सगळं व्यवस्थित झाकलेलं, दोन महिन्यांत इतकं सुंदर चित्र आम्हाला एकदाही मिळालं नव्हतं. रात्री वॉचमनकाका आत बसले असणार आणि खुर्ची तिथेच राहिली. रिकाम्या खोलीच्या फोटोत ती नव्हती, म्हणून यंत्राच्या लेखी ती माणूस, आणि तीही न हलणारी.

मी खुर्ची उचलायला गेले तेवढ्यात दोन मुली आत आल्या. एकीने पडदा बघितला, खुर्ची बघितली आणि काही न विचारता जाऊन बसली. बसताना पानं उडाली. मग ती बसूनच राहिली.

ठसे आम्ही दुपारी पुसून टाकले.