बारशाच्या गावातल्या बारा कवट्या

चेक भाषेत ‘क्र्श्तिनी’ म्हणजे बाप्तिस्मा, आपल्याकडचं बारसंच म्हणा. मी गेले त्या गावाचं नावही क्र्श्तिनीच. नवव्या शतकात सिरिल आणि मेथोदियस या धर्मप्रचारक भावांनी इथल्या लोकांना बाप्तिस्मा दिला, अशी आख्यायिका आहे. त्यावरून गावाचं हे नाव पडलं म्हणतात. ब्रनो शहरापासून वीसेक किलोमीटरवर, मोराव्हिया या चेक देशाच्या भागातल्या जंगलात वसलेल्या या गावाचा दर्जा ‘म्येस्तिस’. शहराहून लहान, खेड्याहून मोठं, पूर्वापार बाजार भरवण्याचा मान असलेलं गाव. आपल्याकडे त्याला कसबा म्हटलं असतं.

बस वळणावर आली आणि झाडांच्या वर एकदम घुमट दिसला. एवढ्याशा गावात एवढं मोठं चर्च! आराखडा वास्तुविशारद सांतिनीचा. तो १७२३ साली गेला, काम त्याच्यामागे पुरं झालं. आत चारही बाजूंनी उजेड येतो आणि वर घुमटभर भित्तिचित्रं. मान दुखेपर्यंत पाहत राहिले. वेदीवर मेरीची जुनी दगडी मूर्ती आहे, तिच्या दर्शनाला शतकानुशतकं यात्रा येते. मी गेले तेव्हा दोन आज्या पुढच्या बाकावर पुटपुटत प्रार्थना करत होत्या.

पण मी आले होते तळघरासाठी. १९९१ मध्ये इथे सुमारे हजार माणसांच्या अस्थी सापडल्या. त्यांतल्या बारा कवट्यांवर काळ्या रंगात तमालासारख्या पानांची माळ काढलेली आहे. पान पानाला लागून, डोक्याभोवती फिरवलेली, आणि कपाळावर ‘टी’ हे अक्षर. वाकून पाहिलं तर जाणवतं, रंगवणाऱ्याने घाई केलेली नाही. ही माणसं कोण, हा मान त्यांनाच का, हे कुणालाच ठाऊक नाही. बारसं बाराव्या दिवशी करतात, नाव ठेवायला. आणि बारशाच्या या गावात हे बारा जण बिननावाचे. मला तिथून हलवेना.

दुपारी ओढ्याच्या कडेने बीची स्काला, म्हणजे बैलाचा कडा, इथपर्यंत चालत गेले. इथल्या गुहेत १८६९ साली काशाचा छोटासा बैल सापडला आणि १८७२ मध्ये पुरातत्त्व संशोधक डॉक्टर वांकेलना लोहयुगातले चाळीसहून अधिक सांगाडे. बैल आता व्हिएन्नाच्या संग्रहालयात आहे. गुहेला कुलूप होतं, दारातून थंडगार वारा मात्र येत होता.

परतताना चर्चच्या ३३ घंटांचा संच वाजायला लागला. बस आली, तरी मी पुढच्या बसची वाट पाहत तिथेच उभी राहिले.