तुम्ही विचारलंत म्हणून: कोकणचा समुद्र काळापांढरा का?

"कोकणातले असून समुद्राचे फोटो काळेपांढरे का काढता?" हा प्रश्न मला प्रदर्शनात विचारतात, लग्नाकार्यात विचारतात. मुंबईची आत्या तर फोनवरच म्हणते, "अरे, एवढी हिरवीगार झाडी, तांबडी माती, निळं पाणी. देवाने भरभरून दिलंय, आणि तू ते पुसून टाकतोस?" ती मनापासून विचारते. उभ्या उभ्या उत्तर देऊन तिचं समाधान होणार नाही, म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

आपला समुद्र निळा असतो, हे मला तरी अर्धंच खरं वाटतं. पाऊस सरल्यावर पाणी निवळतं, ऑक्टोबरातल्या स्वच्छ हवेत आरे-वारेच्या घाटीतून खाली पाहिलं की खरोखर निळं दिसतं. तेव्हा मीसुद्धा रंगीतच फोटो काढतो. पण जूनपासून नद्या-खाड्या गाळ घेऊन उतरतात आणि लाटा मातकट होतात. उन्हाळ्यात क्षितिज धुरकट होतं, समुद्र कुठे संपला आणि आकाश कुठे सुरू झालं ते कळेनासं होतं. मे महिन्यात मळभ येतं. वर्षातले कितीतरी दिवस आपल्या किनाऱ्यावर पाणी राखाडी, आकाश राखाडी आणि वाळूही राखाडीच असते. त्यात निळा रंग भरतो तो आपला मोबाइल आणि आपली सवय. त्या दिवसांतला समुद्र मला फार आवडतो, आणि तो जसा आहे तसा दाखवायचा तर काळापांढरा फोटो मला जास्त प्रामाणिक वाटतो.

पण खरं कारण याच्याही पुढचं आहे. किनाऱ्यावर उभं राहिलं की मला सगळ्यात आधी दिसते ती ओल. कुठला कातळ भिजलाय, कुठला अजून कोरडा आहे, पुळणीवर पाणी कुठवर येऊन गेलं, माडाच्या खोडावर पावसाची तिरीप कुठल्या अंगाने बसली. कोकण हा सगळा ओलीचा प्रदेश आहे. आणि ओल म्हणजे उजेडाचा खेळ. खडबडीत पृष्ठभागावर पाण्याचा पातळ थर बसला की आत शिरलेला प्रकाश सहजी बाहेर पडत नाही, आतल्या आत उलटत राहतो आणि शोषला जातो. म्हणून भिजलेला जांभा दगड गडद होतो. तोच ओला पृष्ठभाग सपाट असेल आणि तुम्ही तिरप्या नजरेने पाहिलंत, तर सगळं आकाश त्यात चकाकतं. एकच वाळू, पायाशी काळीकुट्ट आणि चार पावलांवर लख्ख. रंगीत फोटोत हा फरक असतोच, पण नजर आधी आकाशाच्या केशरी रंगाकडे धावते, "किती सुंदर" म्हणते आणि तिथेच थांबते. रंग काढला की ओलं आणि कोरडं एवढंच समोर उरतं, आणि माणूस जरा थांबून बघतो.

रत्नागिरीकरांना हे वेगळं सांगायला नको. रत्नदुर्ग किल्ल्याच्या एका अंगाला काळा समुद्र, दुसऱ्या अंगाला पांढरा समुद्र. काळ्या समुद्राची, म्हणजे मांडवीची वाळू काळसर आहे ती इल्मेनाइट या खनिजामुळे. हे कण साध्या क्वार्ट्झच्या वाळूपेक्षा पावणेदोन पट जड असतात. ओहोटीला मांडवीवर उकिडवं बसून बघा. लाट परत फिरते तेव्हा हलके पांढरट कण आणि शिंपल्यांचा चुरा तिच्याबरोबर वाहून जातो, जड काळे कण मागे राहतात. वाटेत एखादा शिंपला रुतलेला असेल तर पाणी त्याला वळसा घालतं आणि समुद्राच्या बाजूला दोन फाट्यांची खूण उमटते, एका कडेला काळी रेघ, दुसऱ्या कडेला फिकी. पुढची लाट ती पुसते आणि थोड्या वेगळ्या वळणाने पुन्हा काढते. पाण्याने केलेली ही कणांची निवड मी तासन्‌तास बघू शकतो. तिथे रंगीत फोटो काढला काय आणि काळापांढरा काढला काय, फारसा फरक नाही. निसर्गाने ते चित्र दोनच रंगांत काढून ठेवलंय.

मिरकरवाड्यातले एक चाचा माझे प्रिंट आवर्जून बघतात. सगळं आयुष्य होडीवर गेलेलं. रंग कुठे गेला असं त्यांनी कधीच विचारलं नाही. एका फोटोत खडपाचा कडा होता, खाली पाणी. त्यांनी बोट ठेवलं आणि म्हणाले, "उतरतंय पाणी. अजून तासभर तरी उतरणार." कसं ओळखलंत, म्हटलं. त्यांनी दाखवलं: पाण्याच्या रेषेच्या वर खडपावर चांगला हातभर ओला पट्टा होता, त्याची वरची कड धूसर, सुकत चाललेली. पाणी चढत असतं तर कोरडा दगड थेट पाण्यात गेला असता. मी तो फोटो त्या पट्ट्यासाठीच काढला होता. आत्याला देता येईल असं याहून चांगलं उत्तर माझ्याकडे नाही.

आता विरुद्ध बाजूही मांडायला हवी, कारण ती लेचीपेची नाही. रघुबीर सिंह (१९४२–१९९९) हे आपल्या देशातल्या रंगीत छायाचित्रणाचे मोठे नाव. भारत हा रंगांतून बघणारा देश आहे, काळ्यापांढऱ्या फोटोतली उदासी ही पाश्चात्त्यांची, असं ते ठामपणे मांडत. मला त्यांचं म्हणणं पुष्कळ अंशी पटतं. शिमग्याला पालखी नाचते, गुलाल उडतो, तिथे रंग काढणं हा त्या पालखीवर अन्याय आहे. हर्णैच्या बंदरावर संध्याकाळी मासळीचा लिलाव लागतो, त्या पाट्या, त्या साड्या, होड्यांवरची निळी-पिवळी नक्षी, हे सगळं रंगातच जगतं. पण जुलैतल्या दुपारी भाट्याच्या सुरूच्या बनात उभे राहा. समोर राखाडी पाणी, वर राखाडी ढग, मध्ये फेसाची एक पांढरी रेघ आणि खोडांच्या ओल्या काळ्या उभ्या पट्ट्या. त्यात मला उदासी दिसत नाही. तो आमचा पावसाळा आहे, शेतं लावायचा, खाडीत गरवायला बसायचा.

हे पटलं की पुढचा प्रश्न येतोच: मग काढायचे कसे? इथे एक गोष्ट आग्रहाने सांगेन. काळ्यापांढऱ्यासाठी लाल फिल्टर लावा, आकाश नाट्यमय होतं, असा सल्ला सगळीकडे वाचायला मिळतो. लाल फिल्टर निळा प्रकाश अडवतो, निळं आकाश गडद पडतं, ढग उठून दिसतात, धुरकटपणाही कमी होतो, हे खरं. पण आपल्या किनाऱ्यावर दगड तांबडा आहे. लाल फिल्टरमागे जांभा खडूसारखा फिका पडतो, त्याचं सगळं वजन निघून जातं, आणि माडाच्या झावळ्या काळ्या ठिक्कर होतात. पावसाळ्यात तर ढगांना रंगच नसतो, तेव्हा फिल्टर त्यांचं काही करत नाही, नुकसान तेवढं जांभ्याचं. जांभा असेल तिथे मी हिरव्याकडे झुकतो: दगड गडद राहतो, झाडी मोकळी होते. हेदवीसारखा काळा कातळ असेल आणि वर निळं आकाश असेल, तर लाल खुशाल वापरा.

हल्ली काचेचा फिल्टर लागतही नाही. कॅमेऱ्यात रॉ, म्हणजे कच्ची फाइल ठेवा आणि पडद्यावरचं चित्र तेवढं मोनोक्रोम करा. बघताना काळंपांढरं दिसतं, फाइलमध्ये सगळे रंग शाबूत राहतात. घरी आल्यावर लाल, हिरवा, निळा यांतला कुठला किती उजळ करायचा ते एकेक करून ठरवता येतं. मात्र निळा फार खाली ओढू नका. आकाशात रवाळपणा येतो आणि डोंगराच्या कडेने पांढरी किनार उमटते, ती मोठ्या प्रिंटमध्ये डोळ्यात खुपते. काढतानाच मोनोक्रोम बघण्याचा मोठा फायदा असा की तांबड्या मातीपुढची हिरवी झाडी, जी डोळ्यांना इतकी वेगळी भासते, ती एकाच करड्या रंगात मिसळून जाते आहे हे तिथल्या तिथे कळतं. मग तुम्ही दोन पावलं सरकता, झाडामागे आकाश घेता.

समुद्र आणि आकाश एकाच फोटोत सांभाळणं ही अडचण फोटोग्राफीइतकीच जुनी आहे. फ्रान्समधल्या गुस्ताव्ह ल ग्रेने १८५६-५७च्या सुमारास समुद्राचे फोटो काढले, तेव्हाच्या काचेच्या प्लेट निळ्या प्रकाशाला फार संवेदनशील होत्या, आकाश नुसतं पांढरं पडायचं. त्याने काही चित्रांसाठी समुद्राची एक आणि आकाशाची एक अशा दोन निगेटिव्ह जोडून छापल्या. आपल्याला एवढं करावं लागत नाही, पण फेसाचा पांढरा जळू न देणं आपल्याच हातात आहे. मी फेसाकडे बघून एक्स्पोजर, म्हणजे किती प्रकाश आत घ्यायचा ते, ठरवतो आणि सावल्या नंतर उचलतो. अँसेल अ‍ॅडम्स आणि फ्रेड आर्चर या अमेरिकन छायाचित्रकारांनी १९३९-४०च्या सुमारास काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत अकरा पायऱ्या, शून्य ते दहा, मांडल्या. भिजलेला जांभा तिसऱ्या पायरीवर बसावा असं मी बघतो: गडद, पण भोकंन्‌भोकं दिसणारा.

वेळेचं म्हणाल, तर घड्याळाआधी कालनिर्णय बघा. किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांचा हिशेब अजून चालतो: तिथीला पाऊणने गुणायचं, भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. भरतीपासून सव्वासहा तासांच्या आसपास ओहोटी. म्हणजे पौर्णिमा आणि अमावास्येला संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला पाणी पार आत गेलेलं असतं, तेही उधाणाच्या दिवसांत, म्हणजे नेहमीपेक्षा जास्त आत. उघडी पडलेली खडपं, ओली पुळण आणि उतरता सूर्य हे तिन्ही एकत्र हवं असेल तर हेच दिवस. अष्टमीला उलट: सूर्य बुडताना पाणी काठोकाठ. तेव्हा मी वाळूकडे जात नाही, उंचावरून लाटांच्या रेघा काढतो. हिशेब ढोबळ आहे, थोडा मागेपुढे होतो, पण घरून निघायचं की नाही ते ठरवायला पुरतो.

आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे, त्यामुळे संध्याकाळचा प्रकाश समोरून येतो आणि ओल चमकवतो. सकाळी तो पाठीमागून येतो आणि समुद्र सपाट दिसतो. सूर्यास्ताची जागा डिसेंबर ते जून सुमारे ५० अंश सरकते, तेव्हा हिवाळ्यात जमलेली जागा उन्हाळ्यात जमेलच असं नाही.

लांब एक्स्पोजरविषयी, म्हणजे शटर बराच वेळ उघडं ठेवण्याविषयी, माझं मत जरा कडक आहे. १० स्टॉपचा एनडी फिल्टर, म्हणजे लेन्सपुढची गडद काच, प्रकाश हजारपट कमी करतो, १/३० सेकंदाचा फोटो अर्ध्या मिनिटावर जातो, लाटा विरघळतात आणि धुकं उरतं. सुवर्णदुर्ग हर्णैच्या किनाऱ्यावरून असा काढला की तटबंदी पाण्यापासून सुटून उभी राहते, आणि ते दृश्य भारदस्त दिसतं, हे मान्य. पण प्रत्येक फोटो असा काढला की समुद्र कुठलाही होतो. आपली लाट, तिचा घाट, फुटण्याआधी तिच्या पोटात दिसणारा गाळ, सगळं जातं. मला पाव ते अर्धा सेकंद बरा वाटतो. परत फिरणाऱ्या पाण्याच्या रेघा राहतात, कुठून आलं आणि कुठे चाललंय ते कळतं. आणि बामणघळीत तर उलटं करायला हवं. हेदवीच्या त्या चिंचोळ्या घळीत भरतीचं पाणी घुसतं आणि उंच उसळतं, तिथे १/१००० सेकंद लावा, म्हणजे काळ्या कातळापुढे एकेक थेंब सुटा मिळतो. लांब लेन्स घ्या आणि कडेपासून दूरच उभे राहा. पावसाळ्यात शेवाळलेल्या कातळावर फोटोसाठी पुढे जाऊ नका, हे मी हात जोडून सांगतो.

कॅमेरा कुठला, हेही विचारता. मोबाइलने सुरुवात करा, त्यातही मोनोक्रोम असतं. कॅमेरा असेल तर त्याला खाऱ्या वाऱ्यापासून जपा. लेन्सवर तुषार वाळले की मिठाचे कण बसतात, ते कोरड्या कापडाने घासले तर काचेवर ओरखडे येतात. आधी गोड्या पाण्याने किंचित ओलं केलेलं कापड टिपत फिरवायचं, मग सुकं. ट्रायपॉडचे पाय घरी आल्याबरोबर नळाखाली धरायचे, नाहीतर आठवड्याभरात सांधे कुरकुरायला लागतात. आणि जून ते सप्टेंबर लेन्स कपाटात नुसत्या ठेवू नका. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल घालून ठेवा, दाणे ओलसर झाले की तापवून सुकवा. आमच्याकडच्या हवेत काचेला बुरशी धरायला एक पावसाळा पुरतो.