बंद झालेली कॅप्सूल

लालबागमध्ये आमचं मेडिकल आहे. 2013 च्या मे महिन्यात डेक्स्ट्रोप्रोपॉक्सिफेनवर केंद्र सरकारने बंदी आणली. या वेदनाशामकाने हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडू शकते. आम्ही उरलेला माल डिस्ट्रिब्युटरकडे परत पाठवला. ती कॅप्सूल रोज घेणाऱ्यांचं पुढे काय, हे मात्र कुणीच बोललं नाही, आणि त्याचा मला आजही राग येतो.

जूनमध्ये एक गिरणी कामगार काका सुनेचा हात धरून आले. रिकामी स्ट्रिप पुढे करून म्हणाले, "पोरी, हीच दे. कंबर मोडलीय नुसती."

मी स्ट्रिपपेक्षा त्यांच्याकडेच बघत राहिले. बाहेर पावसाचा गारवा होता, तरी काकांना दरदरून घाम. एकामागून एक जांभया, नाक गळतंय, हात थरथरतायत. सून म्हणाली, "रात्रभर डोळ्याला डोळा नाही. पोटही बिघडलंय."

"काका, दिवसाला किती घेत होता?"

"दोन. कधी चार."

"कधीपासून?"

"गिरणी सुटल्यापासून."

हे औषध अफूच्या वर्गातलं. वर्षानुवर्षं घेऊन एकदम तोडलं की शरीर असं बंड करून उठतं. दुखणं होतंच, पण त्याहून मोठं हे होतं. तेवढ्यात सून हळूच म्हणाली, "एक जण तिप्पट भावात आणून देतो म्हणतोय. घेऊ का?" मी विचारलं, काका संध्याकाळी थोडी घेतात का? तिने मान खाली घातली. दारूवर ही कॅप्सूल पडली तर श्वास बंद पडू शकतो. मी दोघांनाही ते तिथेच स्पष्ट सांगितलं.

मग एका कागदावर सगळं लिहिलं: रोजच्या कॅप्सूल, किती वर्षं, बीपीची गोळी, दारूसुद्धा. त्यांच्या डॉक्टरांना फोन लावला. "आत्ता पाठवा," म्हणाले.

डॉक्टरांनी ईसीजी काढला, किडनीसाठी रक्तातलं क्रिएटिनिन तपासलं. बीपी आणि किडनी बघून डायक्लोफिनॅक हे दुसरं वेदनाशामक टाळलं. व्यसनमुक्तीच्या तज्ज्ञांशी बोलून उतरत्या डोसचा तक्ता लिहून दिला, गोळ्या सुनेच्या ताब्यात ठेवायला सांगितल्या आणि कमरेसाठी फिजिओथेरपी लावली. पहिले काही दिवस काका माझ्यावर खूप चिडले होते. कंबर पूर्ण बरी झाली नाही. झोप मात्र लागायला लागली.