गोदाकाठचा सिंह वर्गात

एम. ए. मराठीच्या साहित्यशास्त्राच्या पेपरात 'ध्वनी' (शब्दांत न सांगता सुचवलेला अर्थ) हा घटक आला की विद्यार्थी आधी व्याख्या पाठ करतात, मग उदाहरण. उदाहरण ठरलेलंच असतं, 'गाथासप्तशती' या प्राकृत कवितासंग्रहातली 'भम धम्मिअ' ही गाथा. कविता येते ती सिद्धांताचा पुरावा म्हणून, आणि पुरावा देऊन झाला की निघून जाते. एका तासाला मी हा क्रम उलटा केला. त्या तासात जे घडलं ते हा पेपर शिकवणाऱ्यांच्या कामाचं आहे, म्हणून तपशिलानं लिहितो.

प्रत्येकाला एक कागद दिला. त्यावर ना कवी, ना काळ, ना टीका म्हणजे जुन्या पंडितांचं स्पष्टीकरण. (केंब्रिजला समीक्षक आय. ए. रिचर्ड्सनं बिननावाच्या कविता वाचायला देऊन 1929 साली पुस्तक लिहिलं, त्यातलीच ही युक्ती.) वर मूळ गाथा:

भम धम्मिअ वीसत्थो सो सुणओ अज्ज मारिओ देण ।
गोलाणइकच्छकुडंगवासिणा दरिअसीहेण ॥

खाली मराठी: 'धार्मिका, खुशाल हिंड. तो कुत्रा आज मारला, गोदावरीकाठच्या झुडपात राहणाऱ्या त्या माजलेल्या सिंहानं.'

या मराठीत दोन पथ्यं पाळावी लागतात. 'ती म्हणाली' असं घालायचं नाही. बोलणारा पुरुष की स्त्री, हे गाथेत कुठेच नाही. आज्ञार्थी क्रियापदावरून ते कळायचा मार्ग नाही. आणि 'त्या' सिंहानं मधला 'त्या' गाळायचा नाही. ध्वनीवरच्या मूळ ग्रंथाचा टीकाकार अभिनवगुप्त याचं सगळं लक्ष त्या सर्वनामावर आहे: ज्याच्याबद्दल तू आधीच ऐकलं आहेस, तो सिंह. 'धम्मिअ'चं 'भटजीबुवा' करण्याचा मोहही होतो, पण तसं केलं की वाचकानं हसायचं हे आपणच ठरवून टाकतो.

प्रश्न दोनच होते. कोण कोणाशी बोलतंय? बोलणाऱ्याला काय हवंय?

बहुतेकांना बोलणारा भला माणूस वाटला. कुत्र्याचा त्रास गेला, ही बातमी तो देतोय. काहींना देवभोळ्या माणसाची टिंगल दिसली. एका विद्यार्थिनीनं लिहिलं, 'त्याला तिथं येऊ द्यायचं नाहीये. जो कुत्र्याला भितो तो सिंह असलेल्या जागी फिरकणार नाही, असा हिशोब आहे.' मागच्या बाकावरून आक्षेप आला, तो निफाडकडच्या मुलाचा: 'सिंह आहे कशावरून? हा सांगतो म्हणून? आमच्याकडं उसात बिबट्या निघतो, पण तोही कुणी पाहिल्याशिवाय वनखातं पिंजरा लावत नाही.'

या दोघांनी ना महिमभट्ट वाचला होता, ना मम्मट. अकराव्या शतकातल्या काश्मिरी पंडितांचा वाद मात्र त्यांनी पाच मिनिटांत उभा केला. महिमभट्टाचं 'व्यक्तिविवेक'मधलं म्हणणं असं की इथं व्यंजना नावाची, अर्थ सुचवणारी वेगळी शब्दशक्ती मानायची गरज नाही. भित्रा माणूस, भीतीचं कारण समोर, म्हणून तो जाणार नाही, हे सरळ अनुमान आहे. 'काव्यप्रकाशा'च्या पाचव्या उल्लासात (प्रकरणात) मम्मट हा हेतूच, म्हणजे अनुमानाचा आधारच, मोडून काढतो. भित्रा माणूसही गुरूच्या किंवा धन्याच्या आज्ञेनं, नाहीतर प्रेमापोटी धोक्याच्या जागी जातो; म्हणजे हेतू अनैकांतिक, दर वेळी लागू न पडणारा. कुत्र्याला विटाळाच्या धास्तीनं टाळणारा वीर सिंहाला भिणार नाही. म्हणजे हेतू विरुद्ध. आणि नदीकाठी सिंह असल्याचं प्रत्यक्षानं ठरलेलं नाही, फक्त बोलण्यावरून कळलंय, नि बोलणं खरं असेलच असं नाही. म्हणजे हेतू असिद्ध. निफाडकर नेमका तिसऱ्या दोषावर बोट ठेवून बसला होता.

इतकं होऊनही झुडपात कुणाची भेट ठरलेली असेल, हे मात्र एकाच्याही कागदावर नव्हतं.

मग माहिती एकेक करून दिली. पहिली, बोलणारी स्त्री आहे. फारसं काही हललं नाही. दुसरी, तो धार्मिक रोज त्या झुडपांत फुलं-पानं तोडायला येतो. आता 'भली बातमी'वाले डळमळले. तिसरी, ते झुडूप तिचं प्रियकराला भेटायचं ठिकाण आहे. वर्ग हसला आणि अर्थ पक्का झाला. 'खुशाल हिंड'चा अर्थ 'इकडं पाऊल टाकू नकोस' झाला. ध्वनिसिद्धांत मांडणाऱ्या आनंदवर्धनानं 'ध्वन्यालोका'च्या पहिल्या उद्योतात (प्रकरणात) ही गाथा घेतली ती याचसाठी: वाच्य म्हणजे सरळ अर्थ विधिरूप, व्यंग्य म्हणजे सुचणारा अर्थ निषेधरूप.

ही तिसरी माहिती गाथेत नाही. ती टीकेतून आलेली आहे. व्यंग्यार्थ कशाकशामुळे उमगतो त्याची यादी मम्मट तिसऱ्या उल्लासात देतो: वक्ता, ज्याला सांगायचं तो, आवाजाचा हेल म्हणजे काकू, वाक्य, वाच्य, दुसऱ्या कुणाचं जवळ असणं, प्रस्ताव म्हणजे प्रसंग, देश, काल वगैरे. ही यादी फळ्यावर लिहून गाथेत काय सापडतं त्यावर खुणा करायला लावल्या. ऐकणारा आहे, देश आहे (गोदाकाठ), काल आहे ('अज्ज'). वक्ता कोण हे नाही, प्रस्तावही नाही. हा तक्ता कुठल्याही कवितेला लावता येतो, आणि शास्त्र कवितेतून किती घेतं नि पदरचं किती घालतं हे तो उघड करतो. माझ्या मते ध्वनिविचार शिकवायची याहून प्रामाणिक रीत नाही.

यावर तीच विद्यार्थिनी म्हणाली, 'सर, मग हे शास्त्रकारांनी कवितेवर लादलेलंच झालं की.'

हा आरोप बाहेरून वजनदार दिसतो, पण त्याचं उत्तर शास्त्राच्या ग्रंथात शोधू नये. ते गाथासप्तशतीतच आहे. ही गाथा मुक्तक म्हणजे सुटी कविता असली तरी एकटी नाही. संग्रहाच्या पहिल्या शतकातली (शंभर गाथांच्या पहिल्या गटातली) नववी गाथा दुसऱ्या कागदावर दिली: साळीची शेतं पांढरी पडू लागली म्हणून मान खाली घालून रडतेस कशाला? तागाची वाडी बघ, हरताळानं तोंड रंगवलेल्या नटीसारखी झालीय. टीका नाही, सूचना नाही. एका मिनिटात उत्तर आलं: भात कापलं की आडोसा जाणार, म्हणून ती रडते; ताग पिवळ्या फुलांवर आलाय, म्हणजे नवा आडोसा तयार. त्यांनी हे ओळखलं, कारण आधीची गाथा त्यांच्या कानात होती. झुडूप, शेत, नदीकाठ, आडोसा या संग्रहात वारंवार येतात. अभिनवगुप्तासारख्या वाचकाच्या कानात तो सगळा कोश होता. त्यानं प्रस्ताव हवेतून आणला नाही, शेजारच्या गाथांमधून उचलला. सातवाहनांच्या मुलखातल्या प्राकृत कवितेनं काश्मीरच्या पंडितांना आधी वाचायला शिकवलं, सिद्धांत त्यानंतरचा.

म्हणून आता या घटकाला मी आधी चार-पाच गाथा देतो, मग तक्ता, आणि शेवटी व्याख्या.

उत्तरपत्रिकांतल्या दोन चुका मात्र या क्रमानंही आपोआप जात नाहीत. एक, 'इथं लक्षणा आहे' असं लिहिणं. लक्षणेला मुख्यार्थाचा बाध लागतो, म्हणजे शब्दांचा सरळ अर्थ अडावा लागतो. 'गंगेवर गौळवाडा'मध्ये पाण्यावर घर बसत नाही, म्हणून काठ घ्यावा लागतो. 'खुशाल हिंड' हे वाक्य जसंच्या तसं उभं राहतं, कुठं अडतच नाही. दुसरी, चोरट्या भेटीचा विषय दिसला की 'शृंगाररसध्वनी' लिहून मोकळं होणं. आनंदवर्धन ही गाथा वस्तुध्वनीसाठी देतो. सुचते ती एक गोष्ट, एक मनाई, रस नव्हे.

अंतर्गत परीक्षेला न शिकवलेली गाथा दिली, पाणपोईची. वाटसरू वर बघत, बोटं फाकवून पाणी पितो. जसजसा तो वेळ लावतो तसतशी पाणी घालणारी बारीक धार आणखी बारीक करते. काहींनी इथंही पाणपोईमागं झुडूप उगवून भेट ठरवून टाकली. नवा सिद्धांत हाती आला की असं होतंच. पूर्ण गुण मिळाले ते एका चार ओळींच्या उत्तराला: इथं बाहेरून काही आणावं लागत नाही, वक्ता कोण हेही विचारावं लागत नाही, फाकलेली बोटं आणि बारीक होणारी धार, दोघांची एकच लबाडी, आणि तहान लागलीय असं आता दोघांपैकी कुणालाच वाटत नाही.